गिरजाची पोटली

वारलूभाऊ ही गोष्ट फक्त धानाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजी, राखायच्या रात्रीच सांगत. शेकोटीभोवती गावची चार-पाच तरणी माणसं घोंगडी पांघरून बसलेली असत. भाऊ आधी एक लाकूड आत सारत, मग म्हणत, "ज्याची गोष्ट हाये त्याच्यासंगं मी अठरा वरसं जाळं ओढलं. त्यानं मले हे स्वतःच्या तोंडानं सांगतलं. आयकाची असन तं आयका. हासाची नाई." आणि सुरुवात नेहमी मासळीपासून करत, सावकाश, बाजारातली हकिकत सांगावी तशी.

तो माणूस म्हणजे पळसगावचा केवळराम ढिवर. सन पंचावन्न. भाऊबीज होऊन चार दिवस झालेले, रविवार. त्या दिवशी सकाळी तलावात बारीक मासळी चांगली लागली, तेव्हा केवळरामनं त्यातली शेरभर पळसाच्या पानांत बांधली आणि खैरीची वाट धरली. खैरीला त्याचा लहानपणचा सोबती मनसाराम राहायचा. मनसारामची बायको गिरजा पाच दिवसांची बाळंतीण होती. पहिलाच मुलगा. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून आपल्याकडं बारीक मासळीचा रस्सा देतात, म्हणून ही मासळी. शिवाय गिरजा केवळरामला भाऊ मानायची. भाऊबीजेला तिला ओवाळता आलं नव्हतं, तर आपणच जाऊन यावं, असा साधा विचार.

पण खैरीला पोचला तेव्हा मनसाराम दारातच बसलेला. दोन दिवसांपासून गिरजाला ताप होता. आत बाजेवर ती डोळे मिटून पडली होती, ओठ पांढरे पडलेले. केवळरामचा आवाज ऐकून तिनं डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, "केवळरामभाऊ, मासळी आनली ना? वास आला मले."

मनसारामनं त्याला बाहेर घेतलं. "डोंगरगावच्या सुगंधाबाईकडून पोटली आनाची हाये. मी हिले सोडून कसा जाऊ? तूच जाऊन ये ना गा. तुह्यासारखा चालनारा दुसरा कोन हाये?"

"आत्ता जातो. रात व्हायच्या आत येतो पाय," केवळराम म्हणाला. आणि खरंच लगेच निघाला. त्या वेळी त्याच्या मनात काही खोट नव्हती, हे वारलूभाऊ प्रत्येक वेळी आवर्जून सांगत.

सुगंधाबाई म्हणजे त्या सगळ्या टापूतली सुईण आणि औषधवाली. डोंगरगावच्या शेवटी, जंगलाला लागून तिचं घर. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. केवळरामची नाळही तिनंच कापली होती. तिच्या पोटल्यांचा मोठा लौकिक होता. लेकराच्या गळ्यात बांधायची वेगळी, छातीवर शेकायची वेगळी, बाळंतिणीची वेगळी. मुळी उपटायला जंगलात गेली की आधी झाडाच्या बुडाशी तांदळाचे चार दाणे टाकायची आणि म्हणायची, "घेऊन राह्यली वो माय, राग नको धरजो." आणि जेवढं लागेल तेवढंच घ्यायची.

केवळरामनं सांगितलं ते तिनं नीट ऐकून घेतलं. ताप कधीपासून, थंडी वाजते का, पोट हात लावू देते का, अंगावरून जातं त्याला वास येतो का. शेवटच्या गोष्टीवर ती जरा थबकली. मग आत गेली आणि फडक्याचा तुकडा घेऊन आली. वेखंड, ओवा, सुंठ, हिंगाचा खडा, निरगुडीचा पाला आणि एक ओली मुळी, जिचं नाव ती कोणाला सांगत नसे. सगळं हातानंच चुरडून तुकड्यात घातलं आणि गाठ मारली. बाहेर अजून उजेड होता. दिवा लावायची वेळ झाली नव्हती.

"आयक केवळ्या," ती म्हणाली. "वाटेनं हे खाली ठेवू नोको. रातीच पोचली पायजे, वास उडला का गुण गेला. तव्यावर गरम करून वटीपोट शेका म्हना. पन खरी गोष्ट पुढची हाये. मध्यरातीपावतर घाम नाई फुटला, तं माह्या पोटलीच्या भरवशावर नका राहू. बैलबंडी जुपा अन् नागभीडच्या दवाखान्यात न्या. सुई लागन तिले. हे मनसारामले सांगजो. इसरजो नको."

"नाई इसरत," केवळराम म्हणाला. पोटली त्यानं कमरेच्या फडक्यात खोचली.

वाटेत किटाळी लागते. किटाळीहून खैरी पाऊण कोसावर, मधे फक्त धानाची बांधी, बांध घातलेली शेतं. त्या रात्री किटाळीत मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. गॅसबत्त्यांचा उजेड लांबून दिसत होता. ढोलकी वाजत होती, दंडार, म्हणजे गाण्यानाचाचं नाटक, उभी राहायची होती. दंडारीची मंडळी वडशाकडून आलेली आणि तिचा म्होरक्या पत्रू केवळरामच्या ओळखीचा होता. त्यानं गर्दीत केवळरामला पाहिलं आणि धावतच आला. त्याचा बाईचा पार्ट करणारा माणूस तापानं आडवा झाला होता. एवढी माणसं जमलेली, आणि बाईशिवाय दंडार कशी उभी करायची?

"तुहा गळा मले मालूम हाये," पत्रू म्हणाला. "दोन गानी गाऊन दे. दुसरी सोय करतो तवर. मंग जा."

केवळरामचा गळा खरंच गोड होता. पण तो गायचा तलावावर, जाळं ओढताना. शेदोनशे माणसांसमोर कधीच नाही. त्याच्या मनात आलं, दोन गाणी म्हणजे किती वेळ? खैरी तर हाकेवर आहे.

त्याला जरीचं लुगडं नेसवलं, तोंडाला पांढरा रंग फासला, डोईवरून पदर ओढला. पोटली त्यानं लुगड्याच्या निऱ्यांत नीट खोचून घेतली. खाली ठेवायची नाही, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं.

पहिल्या गाण्यालाच लोक उठून उभे राहिले. दुसऱ्याला बायकांनी डोळे पुसले. मग कोणीतरी ओरडलं, "पुन्ना!" आणि पत्रूनं पुढचा झगडा, म्हणजे नाटकाचा पुढचा भाग, सुरू केला, त्यातही बाई होतीच. दुसरी सोय कोणी केली नाही, आणि केवळरामनं मागितलीही नाही. मधेच एकदा चंद्र मावळताना त्याला दिसला. 'एवढं झालं का निघतो,' तो मनाशी म्हणाला. पण उभ्या जन्मात त्याच्याकडं असं कोणी पाहिलं नव्हतं. लोकांना वाटलं हा मंडळीतलाच माणूस. पत्रूनं कोणाला सांगितलं नाही, केवळरामनंही नाही.

तांबडं फुटायच्या वेळी दंडार संपली. नाल्याच्या पाण्यानं त्यानं तोंडाचा रंग खरवडून काढला आणि खैरीकडं पळत सुटला.

गावात शिरताच त्याला बायकांचं रडणं ऐकू आलं.

मनसाराम दारातच बसला होता. काल होता तिथंच. त्यानं मान वर केली. "आता आनतं?"

केवळरामच्या तोंडून जे निघालं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. "बाईनं रातभर बसवून ठेवलं. मुळी भेटत नाई म्हने. पहाटे बांधून देली... मी तं पयतच आलो."

मनसारामनं पोटली घेतली नाही. ती केवळरामच्याच हातात राहिली. वास उडून गेला होता. घरी परतताना त्यानं ती नाल्यात टाकली. आणि दवाखान्याचा निरोप? तो आता सांगून काय उपयोग, असं त्यानं स्वतःला समजावलं. तो निरोप त्यानं कोणालाच सांगितला नाही.

तेराव्यानंतर मनसाराम डोंगरगावला गेला. चार माणसं सोबत होती आणि केवळरामला जावंच लागलं. मनसाराम सुगंधाबाईच्या अंगणात उभा राहून ओरडला, "माही बायको मेली वो बाई! तू मुळी शोधत बसली! नाई होत होतं तं तसं म्हनाचं होतं, मी दवाखान्यात नेली असती!"

म्हातारी दारात आली. तिनं विचारलं, "रातभर बसवलं म्हनून कोन सांगते?"

"हा केवळराम सांगते."

तिनं केवळरामकडं पाहिलं. बराच वेळ. तो जमिनीकडं बघत उभा राहिला. एक शब्द. ती एक शब्द बोलली असती, तर त्याचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. सगळं गाव अंगणात जमलं होतं.

ती काहीच बोलली नाही. आत गेली आणि कवाड लावून घेतलं.

त्यानंतर तिच्याकडं कोणी जाईना. बाळंतपणाला दुसऱ्या गावची सुईण येऊ लागली. लोक म्हणत, म्हातारीचा हातगुण गेला, जीव घेईल कोणाचा. पुढच्या भादव्यात ती गेली, एकटीच. दोन दिवस कवाड बंद दिसलं तेव्हा माणसांनी उघडून पाहिलं. केवळरामला निरोप आला होता. ताप आहे असं सांगून तो मातीला गेला नाही.

या वर्षात त्याचं गाणं बंद पडलं होतं. जाळं ओढताना सोबती म्हणत, "एखांदं होऊन जाऊ दे गा." तो म्हणायचा, गळा बसला. त्याची बायको कुंता रात्री विचारायची, "झोप काऊन येत नाई तुमाले?" तो म्हणायचा, डास आहेत.

इथं वारलूभाऊ शेकोटीत लाकूड सारायचे. मग आवाज जरा खाली यायचा.

सन छप्पन. आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याला नेमका एक महिना झालेला. शनिवार, डिसेंबरची पहिली तारीख. कार्तिक वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अवस. केवळरामची मुलगी चंदा तेव्हा दोन वर्षांची होती. तिची छाती भरली होती. सकाळपासून घरघर, संध्याकाळी पोट उडायला लागलं. रात्री नऊच्या सुमाराला ती रडायचीच थांबली. नुसती डोळे उघडे ठेवून श्वास ओढत होती.

"नागभीडले जा," कुंता म्हणाली. "कंपाउंडरच्या पाया पडा, पन त्याले घेऊन या. थंडीत हिले नेली तं वाटेतच जाईन."

केवळराम कंदील घेऊन निघाला. हवा सुईसारखी टोचत होती. वाट ओळखीची. मालगुजारी तलावाची पाळ, म्हणजे बांध, येते, तिथं तीन वाटा फुटतात. एक नागभीडला, एक खैरीला, एक डोंगरगावला. पाळीच्या अलीकडं त्याला आधी वास आला.

वेखंडाचा. ओव्याचा. निरगुडीचा.

त्याला वाटलं, कोणीतरी शेतात पाला जाळत असेल. पण वास जळल्याचा नव्हता. हातावर नुकताच चुरडावा तसा होता.

मग आवाज आला. चर्र... कापड फाडल्याचा. थोडं थांबून पुन्हा. चर्र...

कंदील वर धरला. पाळीवर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. पांढरे केस. डोईवर पदर नाही. दोन्ही हात मांडीवर, काहीतरी बांधत असल्यासारखे हलत होते.

केवळरामचे पाय थांबले.

"थांब," ती म्हणाली. मान न वळवता. "बांधून राह्यली."

जन्मल्यावर त्यानं सगळ्यात आधी ऐकला असेल तो हाच आवाज. त्यात राग नव्हता. काहीच नव्हतं. तलावात एक मासा उसळला. मग सगळं शांत.

"माय..." तो म्हणाला.

हात मागे आला. मनगटापर्यंतच कंदिलाच्या उजेडात. हातात एक पोटली.

"ही चंदीची."

त्यानं घेतली. ऊन होती. नुकतीच तव्यावरून काढल्यासारखी.

हात परत गेला. पुन्हा आला. दुसरी पोटली.

"ही गिरजाची."

केवळरामनं कंदील खाली ठेवला आणि तीही घेतली.

"तिच्या घरी... अजून पोचली नाई."

कंदिलाची वात बारीक झाली. आपोआप.

"सांगनं होतं ते बी सांगजो."

कंदील विझला.

काळोखात त्यानं किती वेळ काढला, त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळे सरावले तेव्हा पाळीवर कोणी नव्हतं. दोन्ही हातांत दोन पोटल्या होत्या. आणि समोर वाटा. खैरी दीड कोस. घर अर्धा कोस. घरी पोर मरायला टेकलेलं.

तुम्ही काय केलं असतं? वारलूभाऊ विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

केवळराम घरी धावला.

कुंता दचकली. "कंपाउंडर कुठी हाये?"

"हे... आधी हे छातीवर ठेव." त्यानं चंदाची पोटली पोरीच्या छातीवर धरली. आणि हात झटकन मागे घेतला. पोटली गार होती. विहिरीतल्या दगडासारखी.

कुंतानं नाक लावलं. "याले तं वासच नाई! काय आनलं हे तुमी? कुठून आनलं?"

पोरीचा श्वास अडखळला. एक आला. दुसरा आलाच नाही... मग आला.

केवळरामच्या दुसऱ्या हातातली पोटली चटके देत होती.

तेव्हा त्याला समजलं. जी आधी पोचायला हवी होती ती अजून त्याच्याच हातात होती. एक वर्षापासून त्याच्याच हातात होती.

शेजारच्या जंगूला त्यानं हाक मारून उठवलं. "सायकल काढ. नागभीडले जा, कंपाउंडरले घेऊन ये, जसा असन तसा." मग कुंताकडं वळला. "मी खैरीले जाऊन येतो."

"पोर मरून राह्यलं अन् तुमी खैरीले?" कुंता किंचाळली. "काय हाये तेथी?"

कधीतरी तिला सांगायचंच होतं, पण त्या वेळी नाही. तो पळाला.

अनवाणी. काळोखात. दिवा नाही. तलावाची पाळ आली. रिकामी. तो थांबला नाही. पुढं धानाची बांधी सुरू झाली, कापलेली, कोरडी. ठेच लागली, नखं उखडली, पण हाताची मूठ त्यानं सोडली नाही. आणि मग किटाळीच्या बाजूनं...

ढोलकी.

मंडई होऊन महिना झाला होता. किटाळीत एक दिवा नव्हता. तरी ढोलकी वाजत होती. तिच्यावर कोणीतरी गात होतं. बाईचा आवाज काढून गात होतं. गोड. फार गोड.

तो आवाज त्याचाच होता.

त्यानं दोन्ही कान दाबले असते, पण एका मुठीत पोटली होती. गाणं तसंच ऐकत त्याला पाऊण कोस पळावं लागलं. मनसारामच्या दाराशी पोचला तेव्हाच ते थांबलं. मधेच. शब्द तोडून.

मनसारामनं कवाड उघडलं. आत चिमणी जळत होती. बाजेवर मनसारामची आई नातवाला कुशीत घेऊन झोपलेली. वर्षाचा पोरगा.

"केवळराम? एवढ्या रातीचा? काय झालं गा?"

केवळराम उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसला. पोटली पुढं धरली. आणि सांगायला सुरुवात केली. डोंगरगावहून उजेडातच निघालो. बाईनं दिवा लागायच्या आधी पोटली बांधून दिली. किटाळीत थांबलो. लुगडं नेसलो. गात राहिलो. बाई म्हणाली होती, मध्यरातीपर्यंत घाम नाही फुटला तर बंडी जुपा, नागभीडला न्या, सुई लागेल. ते मी तुला सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, मागूनही नाही. बाईवर आळ मी घातला. ती माझ्यासाठी गप्प राहिली.

सगळं सांगून झालं. केवळरामला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं.

मनसाराम बोलला. हळू. पोराला जाग येऊ नये म्हणून.

"त्या राती दंडारीचं गानं येथपावतर आयकू येत होतं. गिरजा म्हने, कवाड उघडं ठेवा, केवळरामभाऊ येईन. अन् गानं आयकत पडली. म्हने, बाईचा पार्ट करनारा किती मस्त गाऊन राह्यला..." तो थांबला. "मी म्हनलो, आवाज केवळरामसारखाच हाये. तं हासली. म्हने, येडे का तुमी? तो तं माह्यासाठी धावत येऊन राह्यला असन."

चिमणी फडफडली.

"गानं सुरू होतं तवाच गेली."

केवळरामचं डोकं उंबऱ्याला लागलं. तो रडला नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही, असं त्याला त्या वेळी वाटलं, असं तो पुढं सांगायचा.

गावात पहिला कोंबडा आरवला तेव्हा मनसारामनं वाकून त्याच्या हातातली पोटली घेतली. हातावर ठेवून बघितली. ती ऊन होती, हे त्यालाही लागलं असणार. कोणी दिली ते त्यानं विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "मले सांगतलं. आता डोंगरगावले जाऊन सांग. चार मान्साईत सांग. तिच्या दारापुढं." आणि कवाड लावून घेतलं.

घरी पोचायला केवळरामला उजाडलं. अंगणात जंगूची सायकल होती. कुंताचं रडणं ऐकू येईल म्हणून तो कानोसा घेत उभा राहिला. मग घरातून बाहेर आला तो वास. वेखंड, ओवा, निरगुडी. सगळं घर त्या वासानं भरून गेलं होतं.

चंदा घामानं भिजली होती. श्वास मोकळा होता. कंपाउंडर हात धूत होता. त्यानं सुई दिली होती आणि आता भीती नाही म्हणत होता. कुंता मात्र वेगळं सांगत होती. कंपाउंडर येण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या कोंबड्याच्या सुमाराला, पोरीच्या छातीवरची ती गार पोटली एकदम ऊन लागली, तशी तिनं शेकायला घेतली आणि पोरीला घाम फुटला. सुईनं वाचली की पोटलीनं, यावर पळसगावात पुढं बरेच वाद झाले. केवळराम त्यात कधी पडला नाही. सोमवारी तो डोंगरगावला गेला. सुगंधाबाईच्या बंद कवाडासमोर माणसं जमवली आणि सगळं सांगितलं. काहींनी शिव्या दिल्या. एक म्हातारा थुंकला. ज्या बायका वर्षभर तिच्या दारावर गेल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. त्यानं सगळं मान खाली घालून घेतलं, आणि तरी त्याला हलकं वाटलं नाही. पुढं चाळीस वर्षं जगला. चंदाला सासरी पाठवलं, नातवंडं पाहिली. पण गायला नाही. मनसाराम त्याच्याशी बोलायचा, पण पहिल्यासारखा सोबती कधी झाला नाही.

आता एकच सांगायचं राहिलं, असं म्हणून वारलूभाऊ शेकोटीवर हात धरायचे.

डोंगरगावच्या त्या सभेनंतर दोन दिवसांनी, बुधवारी दुपारी, मनसाराम पळसगावला आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. अंगणात उभ्यानंच त्यानं गांधीटोपीतून एक कापडाचा तुकडा काढून केवळरामच्या हातात दिला. पोटली त्यानं सोडून पाहिली होती. आत जे असायचं तेच होतं, पाला, मुळी, ओवा. पण हा तुकडा, ती ज्यात बांधली होती तो. हिरव्या लुगड्याचा. काठाजवळ बोटभर फाटलेलं, ते लाल दोऱ्यानं शिवलेलं, वाकड्या टाक्यांनी.

"हे टाके गिरजाचे हायेत," मनसाराम म्हणाला. "माह्यासमोर घातले होते तिनं. घरात हिरवा दोरा नवता, म्हनून लाल."

केवळराम म्हणाला, "मंग... घरातलंच लुगडं असन."

मनसारामनं नाही म्हणून मान हलवली.

ते लुगडं नेसवूनच गिरजाला चितेवर ठेवलं होतं. अग्नी त्यानं स्वतः दिला होता. सगळं जळेपर्यंत तो तिथं उभा होता.

तुकड्याला कुठंही जळल्याचा डाग नव्हता. तो ओला होता, नुकताच धुतल्यासारखा.